दीड किलोचा कॅमेरा आणि सव्वादोन किलोची बॅग

आमच्या घरात माणसं चार, कॅमेरा एक आणि कॅमेऱ्याच्या बॅगा पाच, हे सासूबाई येईल त्याला सांगतात. दूधवाल्यालाही सांगून झालंय. मी त्यावर काही बोलत नाही कारण हिशोब बरोबर आहे, उलट माझ्या बाबांची जुनी चामड्याची धरली तर सहा होतात, ती कपाटाच्या वरच्या खणात आहे म्हणून अजून मोजणीत आलेली नाही एवढंच.

जपानला जायचं खूळ २०२३ च्या सुरुवातीला घरात शिरलं. तेव्हा स्टेशनकडे बुलेट ट्रेनचं काम जोरात चालू होतं, मुंबई ते साबरमती ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, त्यातलं एक आमचं बडोदं आणि गाडी जपानच्या शिंकान्सेनच्या पद्धतीची. रोज ऑफिसला जाता-येता ते काम बघून बघून नवरा एक दिवस म्हणाला, "अगं, ही इथे सुरू व्हायची वाट बघण्यापेक्षा तिकडे जाऊनच बसून येऊ, लवकर होईल." तो मस्करीत म्हणाला, मी डायरीत लिहून टाकलं. २०२४ चा नोव्हेंबर, क्योतोत पानं लाल होतात तो सुमार. म्हणजे हातात पावणेदोन वर्षं. तेवढ्यात दोन कामं करायची, पाट्या वाचता येतील एवढं जपानी शिकायचं आणि कॅमेऱ्यासाठी एक धड बॅग घ्यायची. माझा अंदाज असा की पहिल्या कामात सगळा वेळ जाईल आणि दुसऱ्यात एक रविवार. कसलं काय.

जपानीची सुरुवात तशी झकास झाली. हिरागाना आणि काताकाना, मूळ अक्षरं ४६-४६, रोज रात्री भांडी आवरली की तासभर, तीन आठवड्यांत वाचता यायला लागली. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, पुण्याच्या, क्लास ऑनलाइन, त्यांनी विचारलं हा क्रम ओळखीचा वाटतोय का, आणि वाटणारच ना, आपल्याच वर्णमालेचा आहे, बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे पोचला त्याच्या वळणाने त्यांची अक्षरं लावली गेली. मी हे मोठ्या कौतुकाने सासूबाईंना सांगायला गेले तर त्या गवार मोडता मोडता म्हणाल्या, "गेलं असेल. आपल्याकडून सगळं जातंच."

मग आली कांजी आणि माझा सगळा माज उतरला.

कांजी म्हणजे ती चिनी चित्राक्षरं, एकेक चिन्ह म्हणजे एकेक अर्थ. रोजच्या वापराची म्हणून जपान सरकारची जी यादी आहे त्यात २१३६ चिन्हं आहेत, त्यातली १०२६ तिथली पोरं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, पहिलीत ८०. मी म्हटलं मी तर मोठी बाई आहे, रोज पाच करू. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला, ४२८ दिवस, म्हणजे जायच्या आधी सगळी संपून वर उजळणीला वेळ. तो हिशोब फ्रिजवर मॅग्नेटने लावला होता, नंतर तोंड लपवायला मीच काढला.

माझी पद्धत म्हणजे आपल्या शाळेतली. रावपुऱ्यातून गणिताच्या चौकटीच्या वह्या आणल्या आणि एकेक कांजी पन्नास-पन्नास वेळा गिरवायला बसले. रेघांचा क्रम ठरलेला असतो, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकोन असला तर आत जे काय आहे ते भरून झाल्यावर तळाची रेघ शेवटी. हे मला लगेच पटलं कारण आपण पण शब्द पूर्ण झाल्यावरच वर शिरोरेघ ओढतो. दोन आठवडे झाले, सत्तर कांजी, वह्या दीड संपल्या, आणि लेकीने परीक्षा घेतली. एकोणीस. सत्तरपैकी एकोणीस. गंमत म्हणजे पहिली रेघ मारली की हात आपोआप पुढे जायचा, पण नुसतं चिन्ह समोर धरून हे काय म्हणून विचारलं की ठार कोरी पाटी. हाताला येत होतं, मला नाही. आणि ज्या रात्री ते एकोणीस निघाले त्याच रात्री मी झोपायच्या आधी मोबाइलवर बॅगा बघायला लागले, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

माझ्याकडे निकॉनचा डी ५६०० आहे. त्याच्याबरोबर फुकट आलेली बॅग म्हणजे नंबर एक, काळी, त्यावर पिवळ्या अक्षरात कंपनीचं एवढं मोठं नाव. मांडवीच्या गर्दीत ती खांद्यावर घेऊन फिरायचं म्हणजे चोराला पत्ता लिहून दिल्यासारखं. शिवाय आत दोनच कप्पे, लेन्सवर लेन्स आपटायची. म्हणून मी जी दुसरी घेतली ती थेट ३० लिटरची बॅकपॅक, लॅपटॉपचा खण, ट्रायपॉड अडकवायचा पट्टा, छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, तळाच्या खिशात रेनकव्हर, आणि आत वेल्क्रोचे अकरा डिव्हायडर. ते डिव्हायडर लावण्यात मी एक अख्खी दुपार घालवली. मोठा कप्पा कॅमेऱ्याला, उभे दोन लेन्सना, एक चार्जरला, एक बॅटऱ्यांना, तरी चार कप्पे उरले, त्यात काय ठेवायचं हे ठरवण्यासाठी वस्तू शोधत घरभर फिरले.

ती बॅग तपासायला म्हणून आम्ही पावागडला गेलो. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, खाली चांपानेर, ते आणि गड मिळून २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि तिथल्या जामा मशिदीचं कोरीवकाम फोटोसाठी इतकं सुंदर की कितीही वेळा जा. रोपवे आहे पण मी म्हटलं नाही, चढूनच जाऊ, क्योतोत पण टेकड्याच आहेत. तर झालं असं. ही बॅग पाठीच्या बाजूने उघडणारी, म्हणजे जी बाजू पाठीला टेकते तिथेच चेन, दुकानदाराने सांगितलं की मागून कोणी चोर उघडू शकत नाही, आणि बरोबर आहे ते, पण मी पण उघडू शकत नाही ना! लेन्स बदलायची तर आधी छातीचा पट्टा सोडा, मग कमरेचा, मग बॅग उतरवा, स्वच्छ जागा शोधा, पालथी घाला, गुडघ्यावर बसा, चेन उघडा. तोपर्यंत माकड निघून जायचं. तीन वेळा केलं, चौथ्यांदा आहे त्याच लेन्सवर भागवलं, आणि उतरताना पाठ घामाने अशी चिंब की नवरा म्हणाला रेनकव्हर आतल्या बाजूने हवं होतं.

घरी आल्यावर मी सगळं बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. कॅमेरा ४६५ ग्रॅम, १८-१४० ची लेन्स ४९०, ती लांबची ७०-३०० वाली ४१५, छोटी ३५ ची २००. एकूण १५७०. मग रिकामी बॅग ठेवली. २२४०. डबा जेवणापेक्षा जड! आणि आपल्याकडे विमानात केबिनमध्ये ७ किलो नेऊ देतात, त्यातले सव्वादोन निव्वळ फोम आणि पट्ट्यांचे.

त्याच आठवड्यात सेन्सेईंनी तोक्योमधलं पहिलं चिन्ह शिकवलं, पूर्व दिशा. मुलांना सांगायची गोष्ट अशी की झाडामागून सूर्य उगवतोय, खरंच त्यात झाड दिसतं आणि मधे सूर्य दिसतो, लक्षात राहायला छान. पण त्या म्हणाल्या की तीनेक हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेलं याचं जुनं रूप बघितलं तर तो सूर्यबिर्य काही नाही, ते दोन्ही तोंडं बांधलेलं पोतं आहे, उच्चार सारखा म्हणून पूर्व दिशेला उसनं घेतलं. आणि मग त्यांनी 'जड' हे चिन्ह दाखवलं. त्याचं जुनं रूप म्हणजे एक माणूस आणि त्याच्या पाठीवर तेच पोतं. मी खो खो हसत सुटले. सेन्सेईंना कळेना काय झालं, त्यांना कुठे माहीत मी परवा पावागडावर तेच चिन्ह होते.

ते चिन्ह मात्र मी आजपर्यंत विसरलेले नाही. एकदाही पन्नास वेळा न गिरवता. तिथून मग मी वह्या बंद केल्या आणि तुकडे पाडायला लागले. कांजी म्हणजे दहा-पंधरा रेघांचं जंजाळ नसतंच, दोन-तीन ओळखीच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. झाडाशेजारी माणूस म्हणजे विश्रांती, हे तर बडोदेकराला शिकवायलाच नको, आमच्या गावाच्या नावातच वड आहे, वटोदर, वडाच्या पोटातलं गाव, आणि पारावर टेकलेला माणूस म्हणजे विश्रांतीच. छपराखाली बाई म्हणजे शांत, आणि तेच चिन्ह 'स्वस्त'साठी पण चालतं. हे ज्याने कोणी ठरवलं त्याने आमचं घर पाहिलेलं नाही.

सगळ्यात कामाला आलं ते देवळाचं चिन्ह. देवळाच्या डावीकडे सूर्य ठेवला की वेळ, हाताचा पंजा ठेवला की धरणं, रस्त्याचा तुकडा ठेवला की वाट बघणं, बैल ठेवला की खास, आणि बोलणं ठेवलं की कविता. एका देवळात पाच कांजी. गोष्टी मी मराठीत रचायचे, देवळाच्या घंटेवर वेळ कळते, देवळाच्या रस्त्यावर चपला सांभाळत वाट बघत बसलेली माणसं, असं. ऍपमध्ये इंग्लिश गोष्टी तयार मिळतात पण त्या मला चिकटल्या नाहीत, त्यात बेसबॉल आणि काऊबॉय, आपला काय संबंध.

उच्चारांचा घोळ वेगळाच. एका चिन्हाचे दोन-दोन, चार-चार उच्चार. सूर्याचं चिन्ह घ्या, कुठे निची, कुठे हि, कुठे बि, कुठे जित्सु, आणि रविवारला म्हणतात निचियोबि, त्यात ते एकच चिन्ह दोनदा येतं आणि दोन्हीदा वेगळं वाचायचं. मी रडकुंडीला आले होते, पण मग एकदा चहा गाळताना डोक्यात आलं की आपण पण हेच करतो की. नळाला येतं ते पाणी, पण प्राणी जलचर, वाहतूक जलमार्गाने, त्याला कोणी पाणीमार्ग म्हणत नाही. घरचा शब्द वेगळा आणि जोडशब्दात शिरणारा, जरा भारदस्त शब्द वेगळा. जपान्यांचं असंच आहे, घरचा तो कुन आणि चीनकडून आलेला भारदस्त तो ओन, फक्त त्यांनी दोन्हीला चिन्ह एकच ठेवलंय. पाण्याचं चिन्ह एकटं असेल तर मिझु, जोडीत असेल तर सुइ. सुइयोबि म्हणजे बुधवार. आणि वार तर सगळे आपलेच, त्यांच्यात मंगळ हा आगीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा, आणि वारांचा क्रम तोच. मंगळबाजारातून जाताना मी आता मनात कायोबि बाजार म्हणते.

उजळणीला मी आंकी नावाचं ऍप वापरलं, त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. कार्ड आठवलं की ते पुढच्या वेळी उशिरा येतं, चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने, विसरलं की परत उद्या हजर. पद्धत बावनकशी आहे, फक्त एक दिवस चुकायचा नाही. आणि आमच्याकडे गणपती दहा दिवस. मोदक, आरत्या, दांडियाबाजारात सगळ्या नातेवाइकांकडे एकेक फेरी, रात्री अकराला घरी. अनंत चतुर्दशीनंतर ऍप उघडलं तर ६४० कार्डं थकलेली. मी ते बंद केलं आणि एक कॅनव्हासची खांद्यावरची बॅग मागवली. नंबर तीन. दिसायला इतकी देखणी, तपकिरी पट्टे, पितळी बकल, अगदी जुन्या पेपरवाल्या फोटोग्राफरसारखी. सगळं वजन एका खांद्यावर, अर्ध्या दिवसात मान आखडली, ती आता लेक कॉलेजला नेते.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुंबईत जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा दिली, पाच पायऱ्यांतली सगळ्यात खालची, एन-५. आदल्या रात्री दादरला मामाकडे मुक्काम. एकूण १८० मार्क, पास व्हायला ८० लागतात, पण नुसते ८० चालत नाहीत, ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ तरी हवेतच, आणि मला भीती त्याचीच. झाले पास, ११८. पण मुख्य गोष्ट सांगायची ती ही की अख्ख्या परीक्षेत एक अक्षर लिहायचं नव्हतं. गोल काळे करायचे. त्या दीड वह्या कोणी मागितल्याच नाहीत. परतीच्या गाडीत वापी येईपर्यंत मी चिडलेलीच होते.

पण ते गिरवणं अगदीच वाया नाही गेलं. अनोळखी कांजी दिसली आणि उच्चार माहीत नसला तर टाइप काय करणार, मोबाइलवर बोटाने काढून शोधावी लागते, आणि रेघांचा क्रम बरोबर असला की ती पटकन सापडते.

एन-५ नंतर मी फ्रिजवरचा २१३६ चा नाद सोडला. नवीन यादी केली, तिथे पाट्यांवर जे दिसेल तेवढंच. प्रवेश, बाहेर, उजवं, डावं, स्टेशन, ढकला, ओढा, बाई, पुरुष, मासा, मांस, बंदी. तीनशेच्या आतबाहेर झाली. त्याच सुमाराला मी दुसरं एक काम केलं जे बॅग घ्यायच्या आधी करायला हवं होतं. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो कुठल्या लेन्सने, किती मिलिमीटरवर, म्हणजे किती जवळ ओढून काढला ते नोंदलेलं असतं. दोन वर्षांचे फोटो कम्प्युटरवर त्या हिशोबाने लावले. घरचे, लग्नातले, चांपानेरचे, सहलीचे, जवळजवळ सगळे १८ ते ५० च्या आत. ती लांबची ७०-३०० फक्त एका ठिकाणी वापरलेली, वढवाणाच्या तलावावर, पक्ष्यांना. मी क्योतोला पक्षी बघायला चालले नव्हते. म्हणजे ४१५ ग्रॅम गेले, आणि ती लेन्स गेली की तिचा उभा उंच कप्पा गेला, आणि तो गेला की ३० लिटरचीही गरज गेली.

मग चौथी, ६ लिटरची स्लिंग, एका खांद्यावरून तिरकी जाणारी, पाठीवरून फिरवून पोटावर आणता येते, न उतरवता वरून उघडते. कॅमेरा एका लेन्ससकट, शेजारी ३५ ची, दोन बॅटऱ्या, पासपोर्ट, बास. स्वतःचं वजन ७०० ग्रॅम. पाचवी तर बॅग नाहीच, नुसता फोमचा डबा आहे, साध्या दप्तरात ठेवायचा, पण सासूबाई मोजतात.

स्लिंग मी वढवाणालाच पहिल्यांदा नेली, जानेवारीची सकाळ, डभोईच्या पुढे, सयाजीराव महाराजांच्या काळातला तलाव, २०२१ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेला, थंडीत परदेशी बदकांनी काळा होतो नुसता. तिथे चेन फाटली. म्हणजे बंद केली की मागून आपोआप उघडत यायची. कंपनीला फोन केला, दीड महिना जुनी बॅग, पावती आहे, तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणे चेन वॉरंटीत येत नाही मॅम. बॅगेला चेनशिवाय असतं काय? शेवटी रावपुऱ्यात गल्लीच्या तोंडाशी एक मोची बसतात त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "बेन, चेन सारी छे, रनर गयो छे." पाच नंबरची चेन, तिला रनरही पाच नंबरचाच लागतो, डब्यात हात घालून त्यांनी कुठल्याशा मेलेल्या पर्सचा एक रनर काढला, त्यावरची वायकेके ही तीन अक्षरं अंगठ्याने पुसून दाखवली आणि म्हणाले, "आ जपानी छे." चाळीस रुपये. घरी येऊन बघितलं, खरंच, योशिदा कोग्यो काबुशिकिगाइशा, योशिदा औद्योगिक कंपनी, १९३४ साली तोक्योत सुरू झालेली. ती चेन अजून टिकून आहे. आता बॅग बघताना मी आधी चेन बघते, कापडावरचा तो डेनियरचा आकडा नंतर, आकडा म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, जास्त म्हणजे जाड धागा, पण कापड फाटल्यामुळे बाद झालेली बॅग मी अजून पाहिली नाही, चेनमुळे झालेल्या ढीगभर.

२०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात काय झालं ते सांगायला नको. विश्वामित्री नदी शहरात शिरली. आमचं घर तळमजल्यावर, पहाटे अंगणात पाणी, सातला पायरीवर. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायचं ठरलं, प्रत्येकाने मिळेल ते घेतलं, मी कागदपत्रं आणि स्लिंग उचलली, आणि मागे वळून बघते तर सासूबाईंनी पलंगाखालून ती ३० लिटरची ओढून काढलेली आणि देवघर रिकामं करत होत्या. बाळकृष्ण एका कप्प्यात, अन्नपूर्णा एका कप्प्यात, शाळिग्राम बॅटरीच्या खणात, समई उभी, जिथे माझी लांबची लेन्स असायची तिथे, घंटा मोज्यात गुंडाळून, आणि लॅपटॉपच्या खणात तसबिरी. अकरा डिव्हायडर, एकही कप्पा रिकामा नाही. कमरेचा पट्टा लावून वर गेल्या. सत्तर वर्षांची बाई. मला ते चिन्ह दिसलं, पाठीवर पोतं घेतलेलं माणूस.

कांजीच्या वह्या खालच्या फळीवर राहिल्या. पाणी ओसरल्यावर काढल्या तर शाई पसरून सगळ्या पानांवर निळे ढग. फार वाईट नाही वाटलं. लेन्सला बुरशी आली असती तर वाटलं असतं, आमच्याकडे पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही, फोम ओल धरून ठेवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा, हे मी एक जुनी लेन्स घालवून शिकले आहे.

जपानबद्दल फार लिहीत नाही, आठ दिवस होते, पानं लाल होती, पाय दुखले. स्लिंग उत्तम चालली, तिकडे गर्दीच्या गाडीत पाठीवरची बॅग पुढे घ्यायची रीत आहे, बाकीचे पट्टे सोडवत होते, मी नुसती फिरवायचे. देवळाचं चिन्ह सगळीकडे, किंकाकुजीत त्याला जी म्हणतात आणि कियोमिझुदेरामध्ये तेच चिन्ह देरा, भारदस्त एक आणि घरचं एक, मी नवऱ्याला जलचर-पाणी समजावायला लागले तर तो म्हणाला आधी वर चढूया. तीन पाय आणि बंदी अशी चार चिन्हांची पाटी वाचली, म्हणजे ट्रायपॉड आणू नका. फोटोला त्यांच्यात शाशिन म्हणतात, खऱ्याची नक्कल, पण फोटो काढण्याच्या शब्दात सावलीचं चिन्ह आहे, म्हणजे आपल्या छायाचित्रातली छाया तिकडेही निघालीच. आणि बाबांच्या याशिका कॅमेऱ्याचं ते कडक चामड्याचं कव्हर आठवलं एकदा, कारण बॅगेचा जपानी शब्द काबान, त्याच्या चिन्हात एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळणं. रोजच्या २१३६ मध्ये ते नाहीच, दुकानाच्या पाटीवर दिसलं म्हणून बोटाने काढून शोधलं.

फजिती एकच झाली. क्योतोत एका उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या दुकानाच्या दारात पाटी होती, मी ऐटीत वाचली, देऊळ, आणि डावीकडे... हात. धरा. "आपापलं सामान हातात धरून ठेवा असं लिहिलंय," मी नवऱ्याला सांगितलं, आणि आम्ही दोघं बॅगा छातीशी कवटाळून दहा मिनिटं उभे, आतून बाई येऊन हसून वाकून गेली दोनदा. मग जवळ जाऊन बघितलं तर हात नाही, रस्ता. इथे वाट बघा. ते तर आम्ही करतच होतो.

परत आल्यावर ३० लिटरची मी विकायला काढणार होते. सासूबाई नाही म्हणाल्या. देव देवघरात गेलेत पण बॅग त्यांच्या खोलीत, डिव्हायडर त्यांनी लावले तसेच, हात लावायचा नाही. मे महिन्यात मला बोलावून म्हणाल्या, "यावर काहीतरी लिही, म्हणजे तुम्ही चुकून नेणार नाही. तुझ्या त्या अक्षरात लिही, पोरं तरी विचारतील." मी मार्कर घेतला आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर देव लिहिलं. कामि. डावीकडे वेदी, उजवीकडे जे आहे ते मुळात वीज, एकूण नऊ रेघा, कुठेही न बघता. हात आपोआप गेला.

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"वर रेघ मारायची राहिली का गं?"